चर्क आणि पॉन्टकसल्टे: बॉर्डरवरचा जलसेतू कुठला?

इंग्लंड-वेल्सच्या हद्दीजवळच्या लॅन्गॉथलेन कालव्यावर फिरून आलेली आपली मँचेस्टर-बर्मिंगहॅमकडची मंडळी फोटो टाकतात चर्कचा आणि खाली लिहितात पॉन्टकसल्टे, नाहीतर पॉन्टकसल्टेवर उभं राहून "एक पाय इंग्लंडात, एक वेल्समध्ये" असं लिहितात. दरवेळी वाचून जीव तुटतो. अहो, दोन वेगळे जलसेतू (कालवा दरीवरून नेणारे पूल) आहेत, मध्ये साधारण चार मैलांची चाल आहे!

पॉन्टकसल्टे माहितीच असतो सगळ्यांना. 1805 चा, डी नदीवर 38 मीटर उंच, लोखंडी कुंडातून बोटी जातात, एका बाजूला कठडा नाही. चर्क 1801 चा, 21 मीटर. दोन्हीकडे टेलफर्ड आणि जेसप हेच इंजिनियर.

घोळ होतो तो बॉर्डरचा. बॉर्डर चर्कला आहे. तिथे खाली केरिऑग नदी वाहते आणि तीच हद्द, म्हणजे चर्क बँक गावाकडून पुलावर आलात तेव्हा इंग्लंडात असता आणि पलीकडे पोचलात की वेल्स. पॉन्टकसल्टेची दोन्ही टोकं वेल्समध्येच, डी तिथे हद्द नाहीच मुळी. 2009 मध्ये वर्ल्ड हेरिटेजचा दर्जा मिळाला तो कालव्याच्या 11 मैलांच्या पट्ट्याला, त्यात चर्कही आलं, पण नाव लागलं पॉन्टकसल्टेचं, म्हणून लोक दोन्ही त्याच नावावर खपवतात.

फोटो ओळखायचा तर शेजारी बघा. चर्कला अगदी खेटून रेल्वेचा दगडी पूल आहे, कालव्यापेक्षाही उंच, नवखा माणूस आधी त्याच्याकडेच बघतो. पॉन्टकसल्टेवरूनही एक रेल्वेपूल दिसतो, पण लांब.

माझं ठाम मत, चालायला सुरुवात चर्ककडूनच करा. पूल संपला की लगेच 400 मीटरच्या वरचा बोगदा लागतो, पायवाट आतूनच जाते, अंधार गुडुप, तेव्हा टॉर्च घ्या, मोबाइलच्या उजेडावर विसंबू नका. बाहेर आल्यावर पाण्याकडे नीट बघा, पानं हळूहळू तुमच्या दिशेने येताना दिसतील, कारण हा कालवा वाहता आहे, लॅन्गॉथलेनच्या वरच्या हॉर्सशू फॉल्स बंधाऱ्यावरून डीचं पाणी यात सोडतात आणि तुम्ही प्रवाहाच्या उलट चालत असता. फ्रॉन गावापाशी डीचं खोरं उघडतं, मग पॉन्टकसल्टे. पाय साथ देत असतील तर तसंच कालव्याकाठाने लॅन्गॉथलेनला जा, तिथे डिनास ब्रानच्या टेकडीवर तेराव्या शतकातल्या किल्ल्याचे अवशेष आहेत, पण चढ उभा आहे, तेवढं पाणी शिल्लक ठेवा.