जनावर दगावलं: सरकारी मदत कुठली आणि विमा कुठला?

२०२५ च्या सप्टेंबरात सीना नदीचं पाणी माढा-परंडा भागातल्या गोठ्यांत शिरलं आणि दावणीला बांधलेली कितीतरी जनावरं गेली. त्यानंतर गावोगाव एकच बोलणं, "पैसे मिळणार आहेत." पण कुठले पैसे? सरकारची आपत्ती मदत आणि पशुधन विमा या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांची गल्लत फार महागात पडते.

मदत मिळते ती आपत्तीपायी. पूर, गारपीट, वादळ, वीज. त्यासाठी आधी एक रुपयाही भरावा लागत नाही, पण दर ठरलेले. दुभती गाय-म्हैस ३७,५०० रुपये, बैल ३२,०००, वासरू २०,०००, शेळी-मेंढी ४,०००. लाखाला आणलेली म्हैस असो की आटत आलेली गाय, रक्कम तीच. त्यात घरटी मोठी दुभती जनावरं तीन किंवा शेळ्या-मेंढ्या तीस, एवढीच मर्यादा. शंभर मेंढ्या वाहून गेलेल्या धनगराने काय करायचं? २०२५ च्या पुरानंतर राज्याने तीन जनावरांची अट उठवली, ते योग्यच झालं. पण तो त्या पुरापुरता निर्णय होता.

विम्याचा हप्ता मात्र आधी भरावा लागतो. राष्ट्रीय पशुधन अभियानात २०२४ पासून शेतकऱ्याचा वाटा १५ टक्के, बाकीचा केंद्र आणि राज्य भरतं. भरपाई ठरते ती पॉलिसी काढताना लिहिलेल्या किमतीवर. इथे पूर यायची गरज नाही. साप चावला, आजाराने गेली, वेताला अडली, तरी दावा करता येतो.

आमच्या शेजारची गाय कोवळी ज्वारी खाऊन तासाभरात गेली. घरचे तलाठ्याकडे धावले, पंचनामा झाला की पैसे येतील म्हणून. आपत्ती नसल्याने तिथे काही होणार नव्हतं. गायीचा विमा होता, हे दोन दिवसांनी आठवलं. तोवर शवविच्छेदन न करताच तिला पुरलं होतं, कानातल्या पिवळ्या बिल्ल्यासकट. दावा बुडाला. बारा आकडी बिल्ला हीच विम्यात जनावराची ओळख. तो आजही माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.

लोकांचा गोंधळ होतो तो उगाच नाही. २०२२ मध्ये लम्पीने मेलेल्या गायीमागे ३०,००० रुपये मिळाले, म्हणून रोगाने जनावर गेलं तरी सरकार देतं असा समज पसरला. पण त्या साथीसाठी शासनाने वेगळा निर्णय काढला होता. बिबट्याने गाय मारली तर दार तिसरंच, वन विभागाचं.

म्हणून जनावर दगावलं की पुरायची घाई करू नका. बिल्ला दिसेल असा फोटो काढा. पुरात गेलं असेल तर तलाठ्याला कळवा. विमा असेल तर कंपनीला आणि सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात फोन करा, त्याच दिवशी.