वचनांनी भरलेला उपदेश आणि वचनातून निघालेला उपदेश

३१ डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेला कधी गेला असाल तर हे बघितलं असेलच, नवीन वर्षाचं वचन म्हणून छोटी कार्डं वाटतात आणि कुणाला ना कुणाला तरी यिर्मया २९:११ येतंच. देवाच्या मनात तुमच्याबद्दलचे संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत. मग पास्टर त्यावरच बोलायला उभे राहतात, वचन एकदा वाचतात, आणि तिथून गाडी सुटते ती रोमकरांस ८:२८, स्तोत्र २३, फिलिप्पैकरांस ४:१३, मध्येच मलाखी, अर्ध्या तासात पंधरा-वीस संदर्भ. बायबलची पानं उलटता उलटता मंडळी दमते आणि बाहेर पडताना म्हणते, "आज काय वचनावर बोलले!"

बोलले खरं, पण वचनावर का? मला तरी इथेच घोळ वाटतो.

उपदेशाचे दोन प्रकार बायबल कॉलेजमध्ये शिकवतात, एक्सपोझिटरी आणि टॉपिकल. एक्सपोझिटरी म्हणजे एक उतारा घेऊन तो उलगडत जायचं, टॉपिकल म्हणजे विषय घेऊन त्याबद्दल बायबलमध्ये ठिकठिकाणी काय आहे ते गोळा करायचं. आता बऱ्याच जणांचा समज असा की जितकी जास्त वचनं तितका उपदेश एक्सपोझिटरी. तसं नाहीये हो. वीस वचनं घेतलेला उपदेश बहुतेक वेळा टॉपिकल असतो, आणि एकाच वचनावरचा उपदेशसुद्धा एक्सपोझिटरी असेलच असं नाही. बघायचं एवढंच की मुद्दा कोणी ठरवला, उताऱ्याने का उपदेशकाने.

तेच यिर्मया २९ घ्या. हा अध्याय म्हणजे संदेष्टा यिर्मयाचं एक पत्र आहे, यरुशलेमहून बाबेलला (बॅबिलोनला), तिथल्या नबुखद्नेस्सर राजाने धरून नेलेल्या लोकांना. पत्रात काय लिहिलंय तर घरं बांधा, बागा लावा, लग्नं करा, ज्या शहरात तुम्हाला नेलंय त्याचं भलं बघा आणि त्यासाठी प्रार्थना करा. अकराव्या वचनाच्या बरोब्बर आधी, दहाव्यात, ७० वर्षं असा आकडा आहे. म्हणजे पत्र ऐकणाऱ्यांपैकी बरेचजण परत यायच्या आधीच मरणार होते! आणि एक अध्याय मागे जा, तिथे हनन्या नावाचा संदेष्टा सांगतोय की दोन वर्षांत सगळं परत मिळेल. तो खोटा ठरला. आता गंमत बघा, अकरावं वचन एकटं उचलून "याच वर्षी तुमचं घर होणार, व्हिसा लागणार" असं सांगणारा उपदेशक वाचतोय यिर्मया पण बोलतोय हनन्याचं.

फिलिप्पै ४:१३ चंही तेच. "मी सर्वकाही करू शकतो" हे परीक्षेच्या आदल्या दिवशी सगळ्यांना आठवतं, पण हे पत्र लिहिणारा प्रेषित पौल तुरुंगात आहे आणि वरच्या दोन वचनांत तो म्हणतोय की भरल्या पोटी राहायलाही शिकलो, उपाशी राहायलाही शिकलो. ते जिंकण्याबद्दल नाही, मिळेल त्यात टिकण्याबद्दल आहे.

आपल्याकडे हा फरक समजायला खरं तर सोपा पाहिजे. वारकरी कीर्तनकार एकच अभंग घेतो आणि दोन तास चरण धरून बोलतो, दृष्टांत देतो, भरकटतो, हसवतो, पण फिरून चरणावर येतो. अहमदनगरकडे १९व्या शतकात कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तन उभं केलं, पुढे ना. वा. टिळकही कीर्तनं करायचे, म्हणजे एक्सपोझिटरी हे काही परदेशातून पार्सल आलेलं नाही, निरूपण म्हणा की सरळ.

पण म्हणून टॉपिकल वाईट असं मी म्हणणार नाही. पौल अथेन्समध्ये (प्रेषितांची कृत्ये १७) उभा राहिला तेव्हा त्याने उतारा वाचलाच नाही. "अज्ञात देवाला" असं लिहिलेली त्यांचीच वेदी धरली, त्यांच्याच कवीची ओळ घेतली, कारण समोरच्यांना मोशे-दावीद माहीतच नव्हते. तोच पौल अंत्युखियाच्या यहुदी सभास्थानात (अध्याय १३) मात्र शास्त्रवाचन झाल्यावर उठतो आणि इस्राएलच्या इतिहासातून, स्तोत्रांतून बोलतो. मंडळीत दारूचा प्रश्न आहे, कर्जाचा आहे, तर त्या विषयावर बोलायलाच पाहिजे, फक्त जे वचन घ्याल त्याला त्याच्या जागेवरचा अर्थ ठेवू द्या. धोका एवढाच की विषय आपणच निवडायचे म्हटल्यावर आपल्या आवडीचे चार विषय वर्षभर फिरत राहतात. सलग पुस्तक घेतलं की नको असलेला अध्यायही येतोच. धर्मसुधारक जॉन कॅल्व्हिनला १५३८ मध्ये जिनिव्हातून हाकललं, १५४१ ला परत बोलावलं, तर गडी व्यासपीठावर चढला आणि जिथे थांबला होता त्याच्या पुढच्या उताऱ्यापासून सुरू. एक शब्द टोमणा नाही. (मला जमलं नसतं.)

दुसऱ्या टोकाचा घोळ पण आहे. ग्रीक शब्द, काळ, विभक्ती, नकाशे असं चाळीस मिनिटं सांगितलं म्हणजे एक्सपोझिटरी उपदेश झाला असं नव्याने शिकून आलेल्यांना वाटतं, ते टिपण झालं, उपदेश नाही, त्यात समोर बसलेल्या बाईच्या सोमवारचं काहीच नसतं. मार्टिन लॉइड-जोन्स हे नावाजलेले उपदेशक लंडनला शुक्रवारी संध्याकाळी रोमकरांस पत्र घ्यायचे, १९५५ ते १९६८, आणि तरी १४:१७ वरच थांबले. तेवढा दम सगळ्यांत नसतो आणि तेवढी ऐकणारी मंडळीही नसते, चार-सहा आठवड्यांत फिलिप्पै झालं तरी पुष्कळ.

शनिवारी रात्री तयारी करताना मी एक करतो. उतारा काय म्हणतो ते एका वाक्यात लिहायचं, खाली मी उद्या काय म्हणणार ते एका वाक्यात. दोन वाक्यांचा एकमेकांशी संबंध नसेल तर दुसरं खोडायचं, आणि खरं सांगतो, रात्री साडेअकराला ते खोडायला फार जिवावर येतं कारण तोवर त्यावरचे दोन भारी किस्से सुचलेले असतात.