कॅथलिक शाळासमाज : हजेरी आणि श्रद्धाजीवन

कॅथलिक चर्चच्या अधिकाराखाली चालणारी शाळा, तिच्यातली मुले, त्यांचे पालक, शिक्षक, धर्मभगिनी व धर्मगुरू आणि ज्या पॅरिशमध्ये, म्हणजे धर्मग्रामात, ती उभी आहे तेथील कुटुंबे यांचा मिळून कॅथलिक शाळासमाज होतो. या समाजातल्या कॅथलिक मुलाची दोन ठिकाणी वाट पाहिली जाते : आठवडाभर वर्गात आणि रविवारी मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या सामूहिक उपासनेला. वर्गातली हजेरी कायद्याने, बोर्डाच्या नियमाने किंवा घरच्यांच्या धाकाने घडवता येते. श्रद्धेवर असा कोणताच हुकूम चालत नाही. तरीही या दोन हजेऱ्या इतिहासात पुष्कळदा एकमेकींत मिसळल्या, कधी प्रेमाने, कधी जबरदस्तीने. महाराष्ट्रात त्या बऱ्याच अंशी वेगळ्या झाल्या आहेत, आणि त्यात संख्येचाही वाटा आहे. २०११ च्या जनगणनेनुसार राज्यातील ख्रिस्ती लोकसंख्या सुमारे १०.८ लाख, म्हणजे एक टक्क्याहून थोडी कमी होती. तीत प्रोटेस्टंटही आले. साहजिकच राज्यातल्या बहुतेक कॅथलिक शाळांच्या बाकांवर इतर धर्मांची मुलेच जास्त असतात.

चर्चचा नियम

१९१७ च्या धर्मसंहितेने, म्हणजे चर्चच्या कायद्याच्या ग्रंथाने, कॅथलिक मुलांना बिगरकॅथलिक, धर्मनिरपेक्ष किंवा मिश्र शाळेत जाण्यास मनाई केली होती. सवलत द्यायची की नाही, हे बिशपांनी ठरवायचे. जगभरच्या बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ऑक्टोबर १९६५ मध्ये ख्रिस्ती शिक्षणावरचे निवेदन काढले आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये धर्मस्वातंत्र्यावरचे. दुसऱ्या निवेदनाने श्रद्धेच्या बाबतीत कोणावरही बळजबरी होता कामा नये हे चर्चच्या शिकवणीत ठामपणे नोंदवले. १९८३ च्या धर्मसंहितेतला ७९८ वा नियम या बदलाची साक्ष देतो. पालकांनी मुलांना कॅथलिक शिक्षण देणाऱ्या शाळेत घालावे. ते जमत नसेल तर शाळेबाहेर त्यांना पुरेसे धर्मशिक्षण मिळेल याची काळजी घ्यावी. नियमाचा हा दुसरा भाग भारतासारख्या देशात फार मोलाचा आहे. शहराच्या नव्या वस्तीत, धरणाच्या वसाहतीत किंवा आदिवासी पाड्यावर कॅथलिक शाळा नसते, तेव्हा मुलाच्या श्रद्धेचा भार घर आणि रविवारचा धर्मशिक्षणाचा वर्ग हे दोघेच उचलतात.

शाळेत धर्म कोणी शिकवायचा यावर बिशपांची देखरेख असते. मिस्सेला येण्याचे बंधन मात्र शाळेचे नाही, चर्चचे आहे, आणि ते फक्त कॅथलिकांना आहे : दर रविवारी आणि नेमलेल्या सणांना मिस्सेत सहभागी होणे. लहान मुलांचा या जीवनातला प्रवेश १९१० पासून लवकर होऊ लागला. त्या वर्षी पोप दहावे पायस यांनी समज येण्याचे वय, म्हणजे साधारण सात वर्षे, हे पहिल्या ख्रिस्तप्रसादासाठी, म्हणजे मिस्सेतली आशीर्वादित भाकर प्रथम स्वीकारण्यासाठी, पुरेसे ठरवले. त्याआधी अनेक ठिकाणी मुलांना बारा-चौदाव्या वर्षापर्यंत थांबावे लागे. या निर्णयामुळे पहिला ख्रिस्तप्रसाद प्राथमिक शाळेच्या वयात आला आणि शाळा व संस्कार यांची वेळापत्रके एकमेकांना येऊन भिडली.

सक्तीचा काळ

मे १५४२ मध्ये गोव्याला आलेले फ्रान्सिस झेवियर हातात घंटा घेऊन रस्त्यांतून फिरत आणि मुलांना व गुलामांना धर्मशिक्षणासाठी गोळा करीत. मुले घंटेच्या आवाजाने येत, प्रार्थना गाऊन पाठ करीत. पुढे गोव्यातल्या पॅरिश शाळांत वाचन-लेखन, धर्मशिक्षण आणि संगीत अशी तिन्ही अंगे एकत्र नांदली. गोमंतकीय ख्रिस्ती समाजात व्हायोलिन आणि स्वरलेखन घरोघर पोचले ते याच शाळांमुळे. पण याच काळाचे दुसरे पानही वाचावेच लागते. १५५९ च्या पोर्तुगीज राजाज्ञेने आईवडील, आजी-आजोबा नसलेल्या हिंदू मुलांना ताब्यात घेऊन सेंट पॉल कॉलेजात सोपवावे आणि तेथे त्यांना बाप्तिस्मा देऊन वाढवावे असे ठरवले. येथे शाळेतली हजेरी हीच धर्मांतराची वाट होती आणि मुलाला किंवा त्याच्या नातलगांना नाही म्हणण्याची सोय नव्हती. कॅथलिक शाळांबद्दल आपल्याकडे आजही जो संशय बोलून दाखवला जातो, त्याची मुळे अशा आज्ञांत आहेत, आणि चर्चवर प्रेम असणाऱ्यानेही ती नाकारू नयेत.

अमेरिकेत सक्ती उलट्या दिशेने आली. तेथील सरकारी शाळांत प्रोटेस्टंट वळणाची प्रार्थना व बायबलवाचन चाले. आयर्लंड, जर्मनी, इटलीहून आलेल्या कॅथलिकांना ते खुपे. १८४४ मध्ये फिलाडेल्फियात शाळेत कोणते बायबल वाचायचे या वादातून दंगली पेटल्या आणि चर्च जाळली गेली. १८८४ च्या बाल्टिमोर परिषदेत बिशपांनी ठरवले की प्रत्येक चर्चजवळ दोन वर्षांत शाळा उभी राहावी आणि कॅथलिक पालकांनी मुलांना तेथेच पाठवावे. धर्मभगिनींच्या अल्प मोबदल्यातल्या कष्टांवर हे अफाट जाळे विणले गेले. १९२२ मध्ये ऑरेगन राज्याने आठ ते सोळा वयाच्या मुलांना सरकारी शाळेतच जाण्याची सक्ती करणारा कायदा मतदानाने संमत केला. ‘येशू आणि मेरीची पवित्र नावे’ या धर्मसंघाच्या सिस्टरांनी त्याविरुद्ध दाद मागितली आणि १९२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द ठरवला. मूल शाळेत गेलेच पाहिजे असे राज्य म्हणू शकते, कोणत्या शाळेत हे मात्र पालक ठरवतील, असा त्या निकालाचा आशय आहे. १९६० च्या दशकाच्या मध्याला या शाळांत ५० लाखांहून अधिक मुले होती. आज ती संख्या १७ लाखांच्या आसपास आहे. धर्मभगिनींची संख्या घटली, पगारी शिक्षक आले, फी वाढली, कुटुंबे उपनगरांत गेली.

इंग्लंडमध्ये आणखी वेगळा प्रकार दिसतो. तेथे मागणी जास्त असलेल्या कॅथलिक शाळा प्रवेश देताना बाप्तिस्मा आणि काही ठिकाणी धर्मगुरूंचा दाखला पाहतात. शाळेतल्या जागेसाठी चर्चला जाणे सुरू करणारी कुटुंबेही त्यामुळे निपजतात.

महाराष्ट्रात

मुंबई बेटांवर आणि साष्टीत पॅरिश शाळांची परंपरा जुनी आहे. वांद्र्याच्या सेंट अँड्र्यूज शाळेचा आरंभ १७८० चा मानला जातो. १८६० च्या दशकात जेझुइटांनी, म्हणजे येशूसंघाच्या धर्मगुरूंनी, मुंबईत सेंट मेरीज आणि सेंट झेवियर्स, पुण्यात सेंट व्हिन्सेंट्स अशा संस्थांना आकार दिला. या इंग्रजी शाळांवर भरपूर लिहिले गेले आहे. मराठी वाचकाला कमी ठाऊक असलेल्या दोन परंपरा मात्र या विषयाच्या गाभ्याशी अधिक जवळच्या आहेत.

पहिली अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातली. १८७८ च्या सुमारास तेथे जर्मन भाषक जेझुइटांचे काम सुरू झाले, ते मुख्यतः दलित वस्त्यांत. गावोगावच्या मिशन शाळेत एकच माणूस दोन कामे करी. दिवसा तो मुलांना अक्षरे व आकडे शिकवी. संध्याकाळी आणि रविवारी, फादर महिना-महिना येत नसत तेव्हा, वस्तीला जमवून प्रार्थना चालवी. लोक त्याला नुसते ‘मास्तर’ म्हणत. शाळेचा पट आणि मंडळीची हजेरी एकाच माणसाच्या डोक्यात असे. कोणाचे पोर ढोरांमागे गेले, कोणाचे घर उसतोडीला निघाले, कोण आजारी आहे, हे त्याला ठाऊक असे. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सरकारने जर्मन धर्मगुरूंना नजरकैदेत टाकले आणि नंतर मायदेशी पाठवले. गावात राहिला तो मास्तर. चर्चच्या इतिहासात बिशपांची नावे सापडतात, या मास्तरांची फारशी सापडत नाहीत, याची खंत वाटते. पुढच्या इयत्तांसाठी मुले संगमनेर, राहुरी, श्रीरामपूर भागातल्या बोर्डिंगात येत. बोर्डिंगात गैरहजेरीचा प्रश्नच मिटे. सकाळची प्रार्थना, अभ्यास, शेतातले काम, जेवण आणि झोप एकाच आवारात. अस्पृश्यता पाळणाऱ्या गावात शाळेच्या दाराबाहेर बसवल्या गेलेल्या मुलांना येथे वर्गात बाक मिळाला. त्यांच्या लेखी श्रद्धा आणि शाळा यांची फारकत करणे अवघड होते, कारण दोन्हींनी मान एकाच वेळी दिला.

दुसरी परंपरा वसईची. १५३४ ते १७३९ हा पोर्तुगीज अंमल चिमाजी अप्पांच्या विजयाने संपला. युरोपीय धर्मगुरू निघून गेले, पण कुपारी, वाडवळ, कोळी कुटुंबांनी श्रद्धा सोडली नाही आणि भाषाही सोडली नाही. कादोडी व वाडवळी बोलणाऱ्या या समाजाने विसाव्या शतकात पॅरिशच्या आवारातच मराठी माध्यमाच्या शाळा वाढवल्या. चर्च, शाळा, सिस्टरांचे कॉन्व्हेंट आणि कबरस्तान एका हाकेच्या अंतरावर असे गावाचे चित्र आजही दिसते. वेदीसेवक मुलगा सकाळच्या मिस्सेला सेवा करून तसाच वर्गात जाई. मिस्सेच्या शेवटी होणाऱ्या सूचनांत लग्नाच्या हाकांबरोबर, म्हणजे ठरलेल्या लग्नांच्या घोषणांबरोबर, शाळेच्या प्रवेशाची तारीखही येई. नंदाखालसारख्या गावातल्या अशा वातावरणात फादर फ्रान्सिस दिब्रिटो वाढले. २०२० मध्ये उस्मानाबादला भरलेल्या ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. १९९८ मध्ये वसई स्वतंत्र धर्मप्रांत झाला आणि भुईगावचे थॉमस डाबरे पहिले बिशप. मराठीत लिहिणारे, मराठीत प्रवचन करणारे धर्मगुरू या भागाने दिले, याचे श्रेय मराठी पॅरिश शाळेला द्यायलाच हवे.

संविधानाची चौकट आणि रोजचा दिवस

स्वतंत्र भारताने हा प्रश्न दोन कलमांत सोडवला. कलम ३० (१) अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शैक्षणिक संस्था स्थापण्याचा व चालवण्याचा हक्क देते. कलम २८ (३) सांगते की राज्याची मान्यता किंवा अनुदान असलेल्या संस्थेत कोणालाही त्याच्या संमतीशिवाय, आणि अज्ञान मुलाला पालकाच्या संमतीशिवाय, धार्मिक शिक्षण घ्यायला किंवा उपासनेला हजर राहायला लावता येणार नाही. १५५९ च्या राजाज्ञेपासून येथवरचे अंतर मोठे आहे. शिक्षणहक्क कायदा अल्पसंख्याक शाळांना लागू नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०१४ मध्ये दिला. सप्टेंबर २०२५ मध्ये त्याच न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी त्याबद्दल शंका व्यक्त करून प्रश्न मोठ्या पीठाकडे नेण्याची शिफारस केली. भारतीय कॅथलिक बिशप परिषदेने २०२४ मध्ये आपल्या शाळांना सूचना केल्या : इतर धर्मांच्या मुलांवर ख्रिस्ती परंपरा लादू नयेत, परिपाठात संविधानाची उद्देशिका वाचावी, शक्य तेथे सर्वधर्मीय प्रार्थनाकक्ष असावा.

व्यवहारात दिवस साधारण असा जातो. परिपाठात सर्वांना म्हणता येईल अशी प्रार्थना, राष्ट्रगीत, सुविचार. मग हजेरी. आठवड्यातल्या ठरावीक तासाला वर्ग दोन भागांत विभागतो : कॅथलिक मुले धर्मशिक्षणाला, बाकीची मूल्यशिक्षणाला. शाळेच्या संतांच्या सणाला मिस्सा असते. तिला कॅथलिक मुले जातात, इतरांना यायचे असेल तर येतात, आणि स्नेहसंमेलन, नाताळचा गोठा, दिवाळीची सुट्टी यांत सगळी सामील असतात. राखेच्या बुधवारी, म्हणजे ईस्टरपूर्वीच्या उपासकाळाच्या पहिल्या दिवशी, कपाळावर राखेचा क्रूस घेऊन वर्गात बसलेल्या मुलीला शेजारची मैत्रीण त्याचा अर्थ विचारते, आणि ती सांगते. आपली श्रद्धा शब्दांत मांडण्याची अशी वेळ सगळी मुले कॅथलिक असलेल्या वर्गात क्वचितच येते. मिश्र वर्गाचा हा लाभ पुरेसा ओळखला जात नाही.

दहावीच्या परीक्षेला बसण्यासाठी राज्य मंडळ ७५ टक्के हजेरी मागते. रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गातही बऱ्याच धर्मग्रामांत पट ठेवला जातो आणि पहिल्या ख्रिस्तप्रसादापूर्वी, साधारण तिसरी-चौथीत, तसेच बाप्तिस्म्याची श्रद्धा पक्की करणाऱ्या, नववी-दहावीच्या सुमारास होणाऱ्या दृढीकरण संस्कारापूर्वी तो पाहिला जातो. येथे ताण पडतो. नववी आली की क्लासचे जादा तास आणि सराव परीक्षा नेमक्या रविवारी सकाळी येतात. पवित्र गुरुवार, म्हणजे गुड फ्रायडेच्या आदला दिवस, हा चर्चच्या वर्षातल्या सर्वांत मोठ्या दिवसांपैकी एक; तो सार्वजनिक सुट्टीचा दिवस नाही आणि पुष्कळदा परीक्षांच्या हंगामात पडतो. पटाचा धाक संस्कारापर्यंत पुरतो, त्यानंतर नाही. दृढीकरण होताच रविवारचे बाक रिकामे होऊ लागतात ही तक्रार अनेक पॅरिशांत ऐकू येते. जी मुले नंतरही येत राहतात, त्यांच्यामागे बहुधा घरची रोझरी (माळेवरची प्रार्थना), गायनमंडळ किंवा नाव घेऊन विचारपूस करणारी एखादी धर्मशिक्षिका असते. रविवारच्या वर्गाच्या या शिक्षिका बहुतेक बिनपगारी असतात. कोणी बँकेत काम करते, कोणी गृहिणी, कोणी कॉलेजात शिकते.

वसईत आता भाषेचाही प्रश्न आहे. पालकांचा ओढा इंग्रजी माध्यमाकडे गेल्याने मराठी वर्गांची पटसंख्या घटते आहे. शाळेत इंग्रजीतून प्रार्थना करणारे मूल घरी आजीबरोबर मराठीत रोझरी म्हणते आणि बोलते कादोडीत. शहराकडून आलेल्या नव्या कुटुंबांसाठी इंग्रजी, कोंकणी मिस्साही वाढल्या आहेत. त्यामुळे एकाच धर्मग्रामात धर्मशिक्षणाचे मराठी आणि इंग्रजी वर्ग शेजारी-शेजारी भरतात, आणि मराठी वर्गासाठी नव्या पिढीतून शिक्षक मिळवणे दरवर्षी कठीण होत चालले आहे.