कॉपीराइटचा तास आणि झेरॉक्सचं दुकान

कॉलेजात कॉपीराइट शिकवायचा म्हणजे ‘दुसऱ्याचं उचलू नका’ एवढ्यावर तास आटोपतो. कायद्यातल्या कलम ५२ पर्यंत सहसा कुणी पोचत नाही. विद्यार्थ्यांच्या कामाचं मात्र तिथेच आहे.

कॉपीराइटचा पहिला कायदा मानतात तो ब्रिटनचा, १७१० चा. त्याच्या नावातच विद्येला उत्तेजन देण्याचा हेतू होता. आपला १९५७ चा कायदा २१ जानेवारी १९५८ पासून लागू झाला, तेव्हा लेखकाच्या मृत्यूनंतर ५० वर्षं हक्क राहत. रवींद्रनाथ १९४१ मध्ये गेले. १९९१ अखेर त्यांचं साहित्य सर्वांसाठी खुलं होणार, तोच मुदत ६० वर्षांवर नेली. एका कवीपायी सगळ्यांचीच दहा वर्षं वाढली!

त्याच कायद्याच्या कलम ५२ मध्ये शिक्षक-विद्यार्थ्यांना शिकण्या-शिकवण्यासाठी मजकुराची नक्कल करायची सवलत आहे. तिचा कस लागला तो दिल्लीत. दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या आवारातलं रामेश्वरी फोटोकॉपी हे दुकान नेमलेल्या पुस्तकांतली प्रकरणं झेरॉक्स करून, बांधून विकत असे. २०१२ मध्ये ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशकांनी दुकानावर आणि विद्यापीठावर दावा ठोकला. विद्यार्थ्यांची संघटनाही दाव्यात उतरली.

१६ सप्टेंबर २०१६ ला दिल्ली उच्च न्यायालयाचे न्या. राजीव सहाय एंडलॉ यांनी दावा फेटाळला. निकालात त्यांना स्वतःचे कायदा शिकतानाचे दिवस आठवले: मुलं ग्रंथालयात आळीपाळीनं बसून पानंच्या पानं हातानं उतरवायची, मग त्याच्या कार्बन कॉपी काढायची. तेव्हाच्या यंत्रात जाडजूड पुस्तक उसवल्याशिवाय जात नसे. हातानं उतरवणं गुन्हा नव्हता, मग यंत्रानं केलं म्हणून तो कसा होईल, असा त्यांचा रोख.

डिसेंबरात खंडपीठानं सवलतीचा अर्थ मान्य केला. पानं किती यापेक्षा ती शिकवण्यासाठी लागतात का, हे पाहायचं. तेवढं तपासायला दावा पुन्हा चालवा, असं सांगितलं. मार्च २०१७ मध्ये प्रकाशकांनीच दावा मागे घेतला.

योगायोग असा की त्याच २०१६ च्या मे महिन्यात कॉपीराइट, पेटंट अशा हक्कांसाठीचं राष्ट्रीय बौद्धिक संपदा धोरण आलं, आणि शाळांतून जागृतीचे कार्यक्रम सुरू झाले. त्या कार्यक्रमांत दिल्लीचा हा खटला सांगायला हवा. त्यासोबत हेही, की वर्गात नेमलेलं प्रकरण झेरॉक्स करणं वेगळं, आणि अख्खं गाइड स्कॅन करून व्हॉट्सॲप ग्रुपवर सोडणं वेगळं.