फाइल अपलोड, जावा वेब सर्व्हरवरील

वेब पानावरच्या फॉर्ममधून निवडलेली फाइल सर्व्हलेटच्या (सर्व्हरवर राहून ब्राउझरच्या विनंतीला उत्तर देणाऱ्या जावा प्रोग्रॅमच्या) हाती पोहोचवण्याची पद्धत. प्रस्तुत नोंद मुख्यतः टॉमकॅट या सर्व्हलेट चालवणाऱ्या सर्व्हरपुरती असून तीत बिघाड व त्यांचे निदान यांवर भर दिला आहे.

उगम : पद्धतीचा आरंभ १९९५ मध्ये की १९९७ मध्ये, याविषयी एकवाक्यता नाही. झेरॉक्समधील एर्नेस्टो नेबेल व लॅरी मॅसिंटर यांचा आरएफसी (इंटरनेटच्या तांत्रिक नियमांचा क्रमांकित दस्तऐवज) १८६७ हा मसुदा नोव्हेंबर १९९५ चा. मात्र त्याचा दर्जा ‘प्रायोगिक’ होता. एचटीएमएलच्या शिफारशीत फाइलचा रकाना आला तो जानेवारी १९९७ मध्ये, ३.२ या आवृत्तीबरोबर. दरम्यान नेटस्केप या ब्राउझरच्या दुसऱ्या आवृत्तीत ही सोय आलेली होती, हे पाहता १९९५ हेच वर्ष धरणे सयुक्तिक वाटते. पुढे आरएफसी २३८८ (१९९८) व सध्याचा आरएफसी ७५७८ (२०१५) यांनी तपशील नेटका केला.

जावात ही सोय उशिरा आली. सुरुवातीच्या सर्व्हलेटला अशा विनंतीचा फक्त कच्चा बाइटप्रवाह मिळे. तो फोडण्याचे काम ज्याचे त्याने करायचे. जेसन हंटर यांचे ‘कॉस’ पॅकेज आणि २००३ पासून अपाचेचे कॉमन्स फाइलअपलोड या तयार कोडसंचांवर बराच काळ भागवले गेले. डिसेंबर २००९ च्या सर्व्हलेट ३.० ने ती मूळ विनिर्देशातच घेतली आणि टॉमकॅट ७ पासून ती उपलब्ध झाली. टॉमकॅटच्या पोटात मात्र कॉमन्स फाइलअपलोडचीच नक्कल आहे. त्यामुळे एकातील दोष बहुधा दुसऱ्यातही निघतो.

बिघाड : फॉर्मची पद्धत ‘पोस्ट’ आणि एनकोडिंग ‘मल्टिपार्ट/फॉर्म-डेटा’ (मजकूर वेगवेगळ्या भागांत पाठवण्याचे) नसेल तर सर्व्हरवर फाइलऐवजी तिचे नुसते नाव येते. रकान्याला नाव दिलेले नसेल तर तेही येत नाही. विनंतीच्या मजकुरात प्रत्येक भागाआधी ‘बाउंडरी’ नावाची खुणेची ओळ असते. ही खूण ब्राउझर स्वतः ठरवतो व कंटेंट-टाइप शीर्षकात कळवतो. जावास्क्रिप्टमधून ते शीर्षक हाताने लिहिले की खूण गळते आणि ‘बाउंडरी सापडली नाही’ अशी तक्रार येते. इथे ते शीर्षक न लिहिणे हाच उपाय. सर्व्हलेटवर मल्टिपार्ट-कॉन्फिग (असे भाग स्वीकारण्याची सूचना) नसल्यास भाग मागताच अपवाद फेकला जातो. एखाद्या फिल्टरने (सर्व्हलेटआधी विनंती हाताळणाऱ्या कोडने) प्रवाह आधीच वाचून टाकला असेल, तर कॉमन्स फाइलअपलोडच्या हाती रिकामी यादी पडते.

सर्वाधिक वेळ खातात त्या आकाराच्या मर्यादा, कारण त्या एका जागी नसतात. टॉमकॅटपुढे एनजिनएक्स हा मध्यस्थ सर्व्हर असेल तर तो मुळातच १ एमबीवरची विनंती ४१३ (‘विनंती फार मोठी’) हा त्रुटिसंकेत देऊन परतवतो, आणि जावाच्या लॉगमध्ये त्याची नोंदही नसते. स्प्रिंग बूट या जावा चौकटीची मूळ मर्यादा एका फाइलला १ एमबी, पूर्ण विनंतीला १० एमबी. टॉमकॅटची मॅक्स-पोस्ट-साइज २ एमबी असली तरी मल्टिपार्टमध्ये ती फाइलींना नव्हे, साध्या रकान्यांना लागते. ती वाढवूनही फरक का पडत नाही, हा नेहमीचा प्रश्न त्यातूनच येतो. मॅक्स-स्वॅलो-साइजचा घोळ वेगळा. फाइल नाकारल्यावर उरलेला मजकूर टॉमकॅट २ एमबीपर्यंत गिळतो आणि त्यापुढे जोडणी तोडतो. आपण तयार केलेले त्रुटीचे पान मग ब्राउझरला दिसतच नाही, दिसते ते ‘कनेक्शन रीसेट’. आणि दोष नेटवर्कच्या माथी मारला जातो.

दहाएक दिवस सुरळीत चालून अपलोड अचानक बंद पडले, तर तात्पुरती डिरेक्टरी पाहावी. अनेक लिनक्स यंत्रणा ‘टेम्प’मधील १० दिवस न वापरलेल्या वस्तू झाडून काढतात; स्प्रिंग बूटने तिथे थाटलेली डिरेक्टरीही त्यात जाते. सर्व्हर पुन्हा सुरू केला की ती परत तयार होते आणि रोग तेवढ्यापुरता दबतो. जागा स्पष्टपणे नेमून देणे बरे.

फाइलचे नाव : ‘सातबारा.पीडीएफ’ असे नाव चढवले की कधी कधी निरर्थक लॅटिन चिन्हांची माळ उमटते. यूटीएफ-८ या अक्षरसंकेतात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइटांचे; ते आयएसओ-८८५९-१ हा लॅटिन लिपीचा संकेत समजून वाचल्यास त्या एकाची ३ होतात, आणि पहिले दर वेळी तिरपी रेघ डोक्यावर घेतलेले रोमन ‘ए’ (à) असते. ही खूण दिसली की फाइल शाबूत आहे, वाचणारा चुकला, असे समजावे. विनंतीचे भाग वाचण्याआधी तिचे एनकोडिंग यूटीएफ-८ ठरवावे. नाव कसे पाठवावे याबद्दल मानकांतच मतभेद होता : आरएफसी २३८८ ने वेगळ्या सांकेतिक रूपाला वाव दिला, आरएफसी ७५७८ ने त्याचे तारांकित (‘फाइलनेम*’) रूप वर्ज्य ठरवले. ब्राउझरांचा प्रघात दुसऱ्याला जुळतो. जुना इंटरनेट एक्सप्लोरर तर ड्राइव्हच्या अक्षरासकट पूर्ण मार्ग पाठवी.

सुरक्षा : २०१४ मध्ये अतिलांब बाउंडरीने कॉमन्स फाइलअपलोड न संपणाऱ्या आवर्तनात अडकतो, असे उघड झाले. २०१७ च्या, स्ट्रट्स या जावा चौकटीतील दोषाचा गैरफायदा कंटेंट-टाइप शीर्षकातूनच घेता येई. इक्विफॅक्स या अमेरिकी पतमाहिती कंपनीतील माहितीचोरी त्यातून झाली. भागांच्या संख्येला मर्यादा नसल्याची त्रुटी २०२३ मध्ये दुरुस्त झाली, पण कॉमन्समध्ये ती मर्यादा वापरणाऱ्याने स्वतः घालावी लागते.