कड तुटलेला रुपया आणि त्याची समोरची बाजू

परवा आमच्या गल्लीतला एक पोरगा मोबाईल नाचवत घरी आला, "काका, हे बघा की, असलाच कॉईन पाच लाखाला जातंय म्हणे!" आणि खिशातनं एक रुपया काढून माझ्या हातावर ठेवला. 1992 पासून निघालेला तो जुना, मोठा स्टीलचा रुपया. एका बाजूला कडेचा चंद्रकोरीएवढा तुकडा गायब. मोबाईलवरच्या व्हिडिओतल्या नाण्याचंही तसंच होतं, एवढं खरं. पण मी बेळगावच्या उद्यमबागेत वीस वर्षं प्रेस शॉपमध्ये काढलीत, त्यामुळे कड बघितल्या बघितल्या मला शंका आली.

नाणं बनवणं म्हणजे शेवटी प्रेसचंच काम की हो. धातूच्या लांब पट्टीतनं पंचने गोल चकत्या पाडायच्या, त्याला ब्लँक म्हणतात. त्या भट्टीत तापवून मऊ करायच्या, कड थोडी उचलून घ्यायची, आणि मग वर एक डाय (नक्षी कोरलेला ठसा), खाली एक डाय, भोवती कॉलर, म्हणजे धातू बाहेर पसरू न देणारी कडी, एक दणका, झालं नाणं. आता नाण्यात काहीही वाकडंतिकडं दिसलं की एकच विचारायचं, हे दणक्याच्या आधी किंवा दणक्यात झालंय, की नंतर? टांकसाळीत झालं असेल तर त्याला एरर म्हणतात, बाजारात, खिशात नाहीतर रेल्वे रुळावर झालं असेल तर ते नुसतं खराब नाणं. लहानपणी आम्ही मिरज लाईनवर दहा पैसे ठेवून चपटे करायचो, त्याला कोण लाख देणार?

आता ही तुटकी कड. पंच खाली आला की पट्टी पुढं सरकायला पाहिजे. ती पुरती सरकली नाही तर पुढचा पंच आधीच्या भोकावर थोडा चढतो, आणि ब्लँक चंद्रकोर कापल्यासारखी निघते. आमच्याकडं वॉशर पाडताना हे रोज व्हायचं, भंगाराच्या डब्यात ढिगानं पडलेले असायचे. इथवर सोपं आहे. खरी मजा पुढच्या मशीनवर आहे. कड उचलायला ब्लँक एका फिरत्या चाकाच्या आणि एका स्थिर पट्टीच्या खाचेत धरून गडगडत नेतात, म्हणजे तिला दोन्हीकडनं, बरोबर समोरासमोरच्या दोन बिंदूंवर दाब बसतो. आता एका बिंदूवर तुकडाच नसेल तर? तिथं खाच रिकामी, टेकायला काही नाही, म्हणून समोरच्या बिंदूवरही दाब येत नाही (भिंतीला टेकल्याशिवाय कपाट ढकलता येत नाही, तसं समजा). म्हणजे तुकडा गेलेला एका बाजूला, आणि कड उचलायची राहिली बरोबर पलीकडच्या बाजूला! याला ब्लेकस्ली इफेक्ट म्हणतात. शिवाय दणका बसताना तुटक्या जागी कॉलरचा अडसर नसतो, धातू तिकडं पसरतो, म्हणून जवळची अक्षरं ताणल्यासारखी, पुसट दिसतात. कानशीने घासलेल्या नाण्यात मात्र अक्षर चाकूने कापल्यासारखं मधेच थांबतं आणि समोरची कड ठणठणीत असते. अगदी लहान तुकडा असेल तर हा परिणाम नीट दिसत नाही, पण मोठ्या तुकड्याला समोरची कड पूर्ण असेल तर मी तरी हात लावणार नाही.

माझ्याकडं असा एक खरा दोन रुपया आहे, खानापूरच्या बसमध्ये सुट्ट्यात आलेला. तुटक्या जागेच्या समोर अंगठा फिरवला की कड हाताला लागतच नाही, गुळगुळीत.

वजनावर भरवसा ठेवू नका. हा जुना रुपया 4.85 ग्रॅमचा, पोराचा शहापुरातल्या सराफाच्या काट्यावर 4.6 भरला, पण कानशीनेही वजन घटतंच की.

बाकी प्रकार थोडक्यात. अक्षर अर्धं उठलंय? डायमध्ये ग्रीस भरलं असेल, किंवा डाय झिजली असेल, स्टील कडक असतं, हे सगळीकडं सापडतं, किंमत शून्य. आपलं नाणं पुस्तकाचं पान उलटतो तसं उलटलं की दोन्ही बाजू सरळ यायला पाहिजेत, पाच-दहा अंश फिरलेलं असेल तर त्यातही काही नाही, अगदी उलटं असेल तर जपून ठेवा. आधीचं नाणं डायला चिकटून पुढच्यावर त्याच बाजूचा उलटा, खोलगट ठसा उठतो, जमवणारे त्याला लाखी म्हणतात, तो खरा असेल तर चांगला. पण दोन नाणी व्हाइसच्या पकडीत दाबूनही तसला ठसा काढता येतो, फक्त मग दुसऱ्या बाजूची नक्षी चेपते, तेवढं बघायचं.

आणि ते वैष्णोदेवीचं नाणं! 2012 साली तिथल्या देवस्थानाचा कारभार बघणाऱ्या श्राइन बोर्डाला पंचवीस वर्षं झाली म्हणून पाच आणि दहा रुपयांची काढलेली नाणी, एवढंच ते. त्यानं घरात लक्ष्मी येते, धंदा चालतो असं सांगून लोक विकतात आणि शिकलेली माणसं घेतात. पाच लाखाच्या व्हिडिओवाल्यांचंही तेच, आधी कमिशन भरा, टॅक्स भरा म्हणतात. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2021 मध्येच सांगितलंय की आमचं नाव वापरून असले पैसे मागणाऱ्यांच्या नादी लागू नका.

पोराच्या रुपयाची समोरची कड मी त्यालाच अंगठ्याने चाचपायला लावली. पूर्ण. तुटक्या जागी भिंगातनं बारीक सरळ ओरखडे, एकाच दिशेने. संध्याकाळी त्याचे वडील कामावरनं आले, तेही उद्यमबागेतलेच. रुपया बघून हसायला लागले, "अरे हे कुठं सापडलं तुला? इन्व्हर्टरच्या बॅटरीचं झाकण फिरवायला मीच ग्राइंडरवर घासलेलं."