रेसची मूठ आणि गरम ग्रिप: पार्श्वभूमी

मे महिन्यात सोलापुरात उन्हात उभ्या असलेल्या गाडीची मूठ धरली की हाताला चटका बसतो. अशा गावात मूठ गरम करणारी ग्रिप कुणी कशाला बसवेल, हा प्रश्न साहजिक आहे. पण जानेवारीत गड्ड्याची यात्रा भरलेली असते त्या दिवसांत पहाटे चारला पुण्याच्या दिशेने निघून बघा. मोहोळ मागे पडेपर्यंत बोटांची टोकं बधिर होतात आणि उजनीच्या पाण्याकाठी ब्रेकचा लिव्हर किती दाबला गेला हेच कळत नाही. लेह-लडाखला जाऊन आलेल्या गाड्यांवर तर हा संच असतोच. पुढे कधीतरी गाडी उजव्या अंगावर पडते, उजव्या मुठीच्या आत दांड्यावर फिरणारा प्लास्टिकचा पाईप तडकतो आणि खरी अडचण समोर येते. पाईप स्वस्त असतो, पण त्याच्यावर गोंदाने घट्ट बसलेली ग्रिप महाग असते. एक बदलायचा आणि दुसरी वाचवायची, हे काम कसं करायचं ते समजायला हे दोन्ही भाग मुठीपर्यंत कसे पोचले ते आधी पाहायला हवं.

मूठ पिळून वेग वाढवण्याची कल्पना पेट्रोलच्या इंजिनाहून जुनी आहे. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये सिल्वेस्टर रोपर यांनी १८६० च्या दशकाच्या शेवटी वाफेवर चालणारी दुचाकी बनवली, तेव्हाच हँडल पिळून वाफ सोडायची सोय तिच्यात होती. १ जून १८९६ रोजी आपलीच वाफेची सायकल चालवत असताना रोपर यांचा मृत्यू झाला. त्याच वर्षी अर्नेस्ट बाउडेन यांनी लवचिक केबलचं पेटंट घेतलं. आत तारांचा पीळ आणि बाहेर स्प्रिंगसारखं वेटोळं असलेलं आवरण अशी ही केबल. रेस, क्लच आणि ब्रेक यांच्या आजच्या केबलींची रचना तीच आहे.

पण मूठ आणि केबल लगेच एकत्र आल्या नाहीत. १९०१ मध्ये सुरू झालेल्या इंडियन कंपनीने पहिल्या दशकातच पिळायची मूठ आणली, तीही केबलऐवजी सळ्या आणि सांधे वापरून. ब्रिटिश गाड्यांनी मात्र बरीच वर्षं हँडलवरचे छोटे दांडे कायम ठेवले, एक पेट्रोलच्या मिश्रणाचा आणि एक हवेचा. हे दांडे घर्षणावर टिकायचे. जिथे ठेवाल तिथे राहायचे आणि हात काढला तरी इंजिन त्याच वेगाने चालत राहायचं. त्या काळच्या रिकाम्या रस्त्यांवर ही सोय वाटायची.

आपल्याकडच्या जुन्या बुलेटमध्ये या विचाराचा अवशेष सापडतो. १९५५ पासून मद्रासला जुळणी होऊ लागलेल्या या गाडीच्या मुठीत पोलादी नळी आणि केबल गुंडाळायची चाकी असायची. खालून एक स्क्रू असे, तो आवळला की मूठ जड होऊन जागेवर थांबायची. बजाजच्या स्कूटरमध्येही हँडलच्या आत धातूची नळी फिरायची. तिचं ग्रीस सुकलं की मूठ सोडूनही रेस पूर्ण उतरायची नाही. त्या पिढीचे चालक मूठ स्वतः मागे फिरवायला शिकले होते, म्हणून त्यांना यात वावगं वाटत नसे.

हात सुटला की रेस आपोआप बंद झाली पाहिजे, ही अट कायद्यात आली १९७० च्या दशकात. अमेरिकेच्या मोटरसायकल सुरक्षा मानक क्रमांक १२३ ने चालू-बंदची दिशा ठरवली आणि सोडल्यावर मूठ स्लोवर परत आलीच पाहिजे असं बंधन घातलं. तिकडे माल विकणाऱ्या सगळ्यांना ते पाळावं लागलं. जपानी कंपन्यांनी त्यात आणखी एक केबल जोडली, म्हणजे एक उघडणारी आणि एक बंद करणारी. इथे एक गैरसमज दूर करायला हवा. दुसरी केबल आपोआप काहीही बंद करत नाही. आपोआप बंद करते ती कार्ब्युरेटरची स्प्रिंग. स्प्रिंग कमी पडली तर चालकाने हाताने मूठ उलटी फिरवून स्लाइड, म्हणजे कार्ब्युरेटरमधली वर-खाली होणारी झडप, खाली ओढता यावी, यासाठी ती दुसरी केबल आहे.

याच जपानी गाड्यांबरोबर प्लास्टिकचा पाईप रुळला. आपल्याकडे १९८५ च्या सुमाराला हिरो होंडा सीडी १०० आणि यामाहा आरएक्स १०० आल्या तेव्हा दुकानदारांच्या तोंडी ‘ॲक्सिलेटर पाईप’ हा शब्द बसला. नायलॉनचा पाईप हलका असतो, गंजत नाही आणि कोरडाच फिरतो. हा कोरडेपणा सोलापुरात फार मोलाचा आहे. काळ्या मातीची धूळ पिठासारखी बारीक असते आणि ग्रीसला लागली की तिची घासणारी लुकण होते. यंत्रमागावर तेल आणि सुताचा कोंडा मिळून काय होतं हे ज्याने पाहिलंय त्याला वेगळं सांगायला नको. म्हणून हँडलचा दांडा आणि पाईपचा आतला भाग कोरड्या फडक्याने पुसून तसाच बसवावा. ग्रीसचा ठिपका फक्त केबलच्या निपलला, म्हणजे तिच्या टोकाच्या धातूच्या गुंडीला, लावावा.

पाईपच्या आतल्या टोकाला केबल बसायची जी चाकी असते तिचं माप सहज बदलता येत नाही. हँडलच्या दांड्याचा बाहेरचा व्यास बहुतेक गाड्यांवर २२.२ मिमी, म्हणजे पाऊण इंच आणि एक अष्टमांश. त्यामुळे कुठल्याही गाडीचा पाईप कुठल्याही गाडीवर चढतो आणि तिथेच फसगत होते. कार्ब्युरेटरची स्लाइड २४ मिमी उचलायची आणि मूठ पाव फेरा फिरणार असेल तर चाकीची त्रिज्या साधारण १५.३ मिमी हवी. २ मिमी कमी त्रिज्येचा पाईप बसवला की स्लाइड तीनेक मिमी कमी उचलली जाते. गाडी वरच्या वेगाला दमते आणि मालक कार्ब्युरेटर साफ करत बसतो. उलट मोठी चाकी बसवली तर जराशा पिळण्याने गाडी झेप घेते आणि गर्दीत हाताळायला अवघड जाते. पाईप मूळ मॉडेलचाच घ्यावा.

गरम ग्रिपची कहाणी मात्र थंड देशांतली आहे. १९८० च्या दशकात बीएमडब्ल्यूने ती कारखान्यातूनच द्यायला सुरुवात केली. पुढे ब्रिटनच्या ऑक्सफर्डसारख्या कंपन्यांनी कुठल्याही गाडीवर बसणारे संच आणले. तत्त्व इस्त्रीचंच आहे: तारेला किंवा पातळ पट्टीला रोध, त्यातून वीज आणि उष्णता. १२ व्होल्टवर ७.२ ओहमची पट्टी २० वॉट देते, म्हणजे जोडीला ४० वॉट आणि साडेतीन अँपिअरच्या आत प्रवाह. जुन्या दोन पायऱ्यांच्या संचात युक्ती साधी होती. ‘जास्त’वर दोन्ही मुठी समांतर जोडायच्या, ‘कमी’वर एकामागून एक. मग त्याच दोन पट्ट्या मिळून १० वॉटच खातात. आता इलेक्ट्रॉनिक नियंत्रक वीज भराभर चालू-बंद करून चार-पाच पायऱ्या देतात आणि बॅटरी उतरू लागली की स्वतः बंद होतात.

४० वॉट ऐकायला कमी वाटतात, पण जुन्या छोट्या गाडीचा अख्खा हेडलाइट ३५ वॉटचा असे. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा हेडलाइट कायम चालूच राहतो, म्हणजे तो बंद करून वीज वाचवण्याचा मार्गही उरला नाही. १००-१२५ सीसीच्या गाडीवर हा संच लावून गावातल्या गावात फिरलं की बॅटरी हळूहळू रिकामी होत जाते. जोडणी चावीनंतरच्या वायरीवरून रिले (विजेवर चालणारा स्विच) घेऊन करावी आणि बॅटरीच्या जवळ ५ अँपिअरचा फ्यूज हवाच.

डावी-उजवीचा फरक इथे लक्षात घ्यावा लागतो. डावी ग्रिप थेट धातूच्या दांड्यावर बसते आणि दांडा तिची उष्णता खेचून घेतो. उजवी नायलॉनवर बसते आणि नायलॉन उष्णता जवळजवळ वाहूच देत नाही. म्हणून उजवा हात लवकर तापतो. काही कंपन्या डावीकडे जास्त वॉटची पट्टी देतात, काही ठिकाणी डाव्या दांड्यावर उष्णतारोधक आवरण चढवायला सांगतात. म्हणूनच तुटलेल्या पाईपच्या जागी ‘मजबूत’ म्हणून ॲल्युमिनियमचा पाईप घालणं गरम ग्रिपच्या बाबतीत चूक आहे. तो तुटत नाही हे खरं, पण पट्टीची बरीचशी उष्णता तो दांड्याकडे वाहून नेतो.

आता तुटलेला पाईप. तो बहुधा दोन ठिकाणी जातो, केबल बसते त्या चाकीच्या कडेला किंवा बाहेरच्या टोकाला. केबलीचा ॲडजस्टर आधी पूर्ण सैल करावा, मग स्विचच्या डबीचे दोन स्क्रू, मग निपल काढावेत. दोन केबली असतील तर कुठली कुठल्या खाचेत होती याचा फोटो काढून ठेवावा, कारण उलट लागल्या तर मूठ उलटी चालेल. बार एंडचं, म्हणजे हँडलच्या टोकाचं, वजन काढलं की पाईप ग्रिपसकट बाहेर येतो. ग्रिपची वायर आधीच कनेक्टरपासून सोडवलेली असावी.

ग्रिप पाईपवरून सोडवायला साध्या ग्रिपखाली पेचकस घालतात किंवा कॉम्प्रेसरची हवा मारतात. गरम ग्रिपला हे चालत नाही. पेचकसाने पट्टी फाटते. सुपरग्लू ॲसिटोनने विरघळतो आणि नायलॉनला त्याने काही होत नाही, पण ग्रिपच्या रबराला आणि आतल्या प्लास्टिकला ते बाधतं. खरा मार्ग म्हणजे पाईपचा बळी द्यायचा. हॅकसॉचं नुसतं पातं पाईपच्या आत घालून लांबीच्या दिशेने दोन खाचा पाडायच्या, पण भिंत पूर्ण कापायची नाही. शेवटचा अर्धा मिमी शिल्लक ठेवून तो तुकडा पकडीने आत मुडपून सोलून काढायचा. ज्या ग्रिपच्या आत स्वतःचा कडक गाभा असतो ती अशी वाचते. ज्या संचात पातळ पट्टी पाईपवरच चिकटवून वर साधं रबर चढवलेलं असतं, तिथे पाईपबरोबर पट्टीही गेली असं समजून चालावं.

नव्या पाईपवर उभे-आडवे कंगोरे असतात. साध्या रबराला पकड मिळावी म्हणून ते दिलेले असतात, पण कडक गाभ्याची ग्रिप त्यांच्यावर चढत नाही. बारीक कानशीने थोडं घासायचं आणि पुन्हा कोरडीच चढवून बघायची. हाताच्या जोराने, न ठोकता, शेवटपर्यंत गेली की थांबायचं. सगळीकडून सारखं घासलं गेलं नाही तर ग्रिप वाकडी बसते आणि फिरताना एका बाजूला घासते. गोंदाआधी एकदा सगळं गाडीवर जुळवून बघावं. रेस बंद असताना आणि पूर्ण उघडलेली असताना वायर निघते ती जागा ब्रेकच्या मास्टर सिलिंडरला किंवा स्विचच्या डबीला अडता कामा नये. ती जागा पेनाने पाईप आणि ग्रिप दोन्हींवर खुणेची करून घ्यावी, कारण सुपरग्लू लावल्यावर हातात काही सेकंदच असतात.

गोंद पाईप गाडीवरून उतरवूनच लावावा. दांड्यावर असताना लावला तर कडेने ओघळलेला एक थेंब पाईप आणि दांडा कायमचे जोडून टाकतो. सुपरग्लू हवेतल्या ओलाव्याने घट्ट होतो, त्यामुळे मार्च-एप्रिलच्या कोरड्या हवेत तो पुण्या-मुंबईपेक्षा जास्त वेळ घेतो. रात्रभर तसाच ठेवलेला बरा.

पुन्हा बसवताना ग्रिपची आतली कड आणि स्विचची डबी यांत १ ते २ मिमी फट हवी, बाहेर बार एंडच्या बाजूलाही तितकीच. ही फट गेली की मूठ अडकते, आणि गरम ग्रिपची कड साध्यापेक्षा जाड असल्याने ती लवकर जाते. उजव्या बाजूची वायर प्रत्येक पिळण्याबरोबर हलते, म्हणून तिला सैल वळसा द्यावा आणि ग्रिपपासून ८-१० सेंमीच्या आत झिपटाय आवळू नये. बहुतेक वायरी याच जागी आतून तुटतात, बाहेरून आवरण शाबूत दिसतं. मल्टिमीटर ओहमवर लावून मूठ हळूहळू पिळली आणि आकडा उड्या मारू लागला तर दोष तिथेच आहे.

शेवटची तपासणी इंजिन बंद ठेवून सुरू करायची. हँडल सरळ, पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे अशा तिन्ही जागी मूठ पूर्ण उघडून सोडायची. तिन्ही वेळा ‘टक्’ आवाज करून ती बंद झालीच पाहिजे. मुठीच्या कडेवर मोजलेला मोकळा खेळ गाडीच्या पुस्तिकेत दिलेला असतो, साधारण २ ते ६ मिमी. आरएक्स १०० सारख्या गाडीत हीच केबल पुढे ऑइल पंपालाही जाते, तिथे हा खेळ बदलला की पंपाची खूणही पुन्हा जुळवावी लागते. मग इंजिन स्लोवर सुरू करून हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवायचं. रेस चढली तर केबल कुठेतरी ताणली जातेय.

आता केबलच नाहीशी होते आहे. २००६ च्या यामाहा आर६ मध्ये थ्रॉटलची झडप मोटरने उघडू लागली, आपल्याकडे २०१७ च्या ३९० ड्यूकमध्ये आणि २०२३ च्या हिमालयन ४५० मध्येही. केबल पूर्ण गेलेल्या गाडीत मुठीमागे सेन्सर असतो, परतीची स्प्रिंगही तिथेच असते, आणि पाईपचं आतलं टोक त्या सेन्सरच्या खाचेत बसेल अशा आकाराचं असतं. तिथे २२.२ मिमीचा दुसरा कुठलाही पाईप चालत नाही. ग्रिपच्या वायरीचा वळसा आणि दोन्ही बाजूंची फट मात्र तिथेही तशीच सोडावी लागते, कारण सेन्सरच्या डबीतली स्प्रिंगही अडलेली मूठ ओढून बंद करू शकत नाही.